प्रांतसाहेबांचं घसरणं

पांतेलिस वेर्गूलिसनं पडद्यावर नुसतं "महोदय" म्हटलं की अख्खं थिएटर हसायला लागायचं. पुढे तो काय बोलणार हे ऐकायला कुणी थांबायचंही नाही. मी त्याच्यासोबत इतक्या सिनेमांत काम केलं की नावं आठवत नाहीत. सगळ्यांत तो प्रांतसाहेब, नाहीतर नोटरी, नाहीतर शाळेचा मुख्याध्यापक, आणि मी त्याच्या घरची मोलकरीण आसिमिना, डोंगरातल्या कुठल्याशा खेड्यातून आलेली. खरं तर मी जन्मले कोकिन्यात, पिरेअस बंदराच्या मागच्या वस्तीत, आणि डोंगर मी फक्त कॅलेंडरवर पाहिलाय. पण "आवं सायेब, म्या न्हाई जानार" असं म्हटलं की पोट भरत होतं, म्हणून म्हणत आले.

आमच्याकडे भाषा दोन. एक, जिच्यात आई शिव्या देते. दुसरी शुद्ध, जिच्यात कोर्टाचा हुकूम येतो, वर्तमानपत्र येतं आणि शाळेत छडी मिळते. घरात ती कुणी बोलत नाही. ताटात असतो तोवर मासा, आणि अर्जात गेला की मत्स्य. सिनेमावाल्यांनी एवढंच नेमकं हेरलं होतं. गावाकडची बोली बोलणारी आली की ती भोळी, गोदीची भाषा बोलणारा आला की तो बिलंदर, आणि शुद्ध बोलणारा आला की लोक खुर्चीत सरसावून बसायचे, कारण हा आता घसरणार हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

घसरण्यात पांतेलिसचा हात धरणारा कुणी नव्हता. एका सिनेमात तो बाल्कनीत उभा राहून गावकऱ्यांना फर्मान सुनावतो: "समस्त ग्रामस्थांस याद्वारे विदित व्हावे की, यापुढे अजांनी सार्वजनिक चौकात समूहाने एकत्र येऊ नये." खालून एक म्हातारा विचारतो, "सायेब, ही अजा कुनाची बायकू?" अजा म्हणजे शेळ्या, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक! तरी पांतेलिस ढिम्म. मान ताठ, हनुवटी वर, "तद्वतच" आणि "उपरोक्त" सुरूच. मग मी मागून येते आणि माझ्या हातातलं उकळतं सूप त्याच्या मांडीवर सांडतं. त्या क्षणाला त्याच्या तोंडून जे निघायचं ते थेट गोदीतलं, "तुझ्यायला! भाजलो ना रे मेल्यांनो!" लोक खुर्च्यांवरून पडायचे. पुढची दोन-चार वाक्यं कुणाला ऐकूच जायची नाहीत, इतका गोंधळ.

ती गोदीची भाषा त्याची स्वतःची होती. बाप स्मिर्ना शहर जळालं तेव्हा तिथून नेसत्या वस्त्रानिशी पळून आलेला होडीवाला. पांतेलिस आधी कोर्टाच्या दारात पुकारा करणारा शिपाई. वकिलांचं ऐकून ऐकून शुद्ध भाषा त्याच्या जिभेवर बसली, शाळेचा त्यात काही संबंध नाही. एका दिग्दर्शकावर घरमालकानं खटला भरला होता, त्याच्या नावाचा पुकारा यानं असा काही केला की तो माणूस खटला विसरून, सिनेमात ये म्हणून याच्या मागे लागला. घरी मात्र पांतेलिस बनियनवर बसून मासे साफ करायचा आणि कॅनरी पक्ष्याला अशा शिव्या घालायचा की मला कान झाकावेसे वाटायचे.

"लोक मला नाही हसत गं आसिमिना," तो एकदा मला म्हणाला होता; पडद्याबाहेरही तो मला याच नावानं हाक मारायचा. "यांच्या मानगुटीवर बसलेला साहेब एकदाचा धाडकन पडतो ना, त्याला हसतात. मी पडतो, यांची मान मोकळी होते. माझ्याकडे दुसरं आहे काय? हे हसणं गेलं तर मी कोण? कोर्टाच्या दारातला शिपाई."

एप्रिलच्या त्या सकाळी रेडिओवर लष्करी बँड वाजत होता. आधी वाटलं कुणी मोठं माणूस गेलं. मग बँड थांबला आणि एक आवाज आला. संपूर्ण शुद्ध. देशाचे रक्षण, अराजकाचे निर्मूलन, अमुक कलम स्थगित, तमुक कलम स्थगित. पाच जणांहून अधिकांनी एकत्र येण्यास मनाई. लष्करानं सरकार ताब्यात घेतलंय, अथेन्सच्या रस्त्यांवर रणगाडे उभे आहेत हे आम्हाला नंतर कळलं. आधी आली ती भाषा.

मी कॉफीच्या दुकानात गेले. तिथे बायका बसत नाहीत, पण नटीला कोण बाई समजतं? पुरुष रेडिओभोवती उभे होते. कॉफी निवून गेलेली. पांतेलिस कोपऱ्यात होता, हातातली मण्यांची माळ न फिरवता तशीच धरून. तो आवाज म्हणत होता, "समस्त नागरिकांस याद्वारे विदित व्हावे की..."

थोदोसिस आमच्या वस्तीतला सूर्यफुलाच्या बिया विकणारा. थिएटरच्या आवारात टोपली घेऊन फिरायचा, पांतेलिसचे सगळे संवाद त्याला पाठ. तोंडाला कुलूप घालणं त्याला जन्मात जमलं नाही. तो वळून म्हणाला, "काय रे प्रांतसाहेब, सकाळपासून रेडिओवर तूच आहेस का? शेळ्यांनंतर आता माणसांना बंदी?"

हसू फुटलं. सगळ्यांना एकदम. तोंडावर हात ठेवूनही थांबेना असं. मलाही आवरेना. मग एकेकाचं हसू विझत गेलं आणि प्रत्येकानं दाराकडे पाहिलं. पांतेलिस हसला नव्हता. तो पांढराफटक पडला होता.

"थोदोसिस, बाबा," तो हलकेच म्हणाला, "हे परत बोलू नकोस. तुझ्या लेकरांची आण आहे तुला."

तेव्हापासून वस्तीत काही माणसं दिसेनाशी झाली. चांभाराचा भाऊ, छापखान्यातला एक जण, शाळेतला एक मास्तर. कुणी विचारत नव्हतं. आमच्या वस्तीत न विचारण्याची सवय जुनी आहे, यादवी युद्धापासूनची. पण थोदोसिसचा तो विनोद कुठून कुठून पसरला. भाजीवाली भाव सांगताना हनुवटी वर करायची, न्हावी वस्तरा थांबवून "उपरोक्त" म्हणायचा, सगळं दबक्या आवाजात. रेडिओवरचा माणूस बोलायला लागला की लोकांना पांतेलिस दिसायचा आणि ओठ दाबावे लागायचे. बिचाऱ्यानं काही केलं नव्हतं. आयुष्यभर जे करत आला तेच पुरलं.

त्याच सुमारास पांतेलिसच्या माडीवरच्या खोलीत नवा भाडेकरू आला. सारांतोस नाव. पोलिसातून निवृत्त झालेला जमादार, अशी माहिती त्यानं स्वतःच दिली. अतिशय सभ्य माणूस. टोपी काढून नमस्कार करायचा, पोरांना गोळ्या वाटायचा, आणि कुठेही गेला तरी दाराजवळची खुर्ची धरायचा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि का ते सांगताही येत नव्हतं. कुणाविषयी वाईट न बोलणारा माणूस मला आधीच आवडत नाही.

जुलै संपत आला आणि संत पांतेलेइमोनचा दिवस जवळ आला, म्हणजे पांतेलिसचा नामदिन, ज्या संताचं नाव ठेवलं त्याचा सण. आमच्यात वाढदिवसाला कुणी कुत्रं विचारत नाही, पण नामदिनाला दार उघडं असतं. आमंत्रण नसतं, ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला परत लावता येत नाही. दार बंद ठेवायचं ते फक्त सुतकात. आणि पांतेलिसच्या घरची आणखी एक रीत होती. दरवर्षी लोक गोडाचा चमचा तोंडातून काढायच्या आत ओरडायला लागायचे, "फर्मान! फर्मान!" मग तो खुर्चीवर उभा राहून प्रांतसाहेबाच्या थाटात सर्वांना खाण्यापिण्याचा हुकूम काढायचा आणि शेवटी घसरायचा.

"या वर्षी दार लावून घेऊ रे," त्याची बायको लुकिया म्हणाली. मी तिथेच होते, तिला चेरीचा मुरंबा बरण्यांत भरायला मदत करत होते.

"आणि लोक विचारतील, कोण मेलं?" पांतेलिस म्हणाला. "काय सांगू? माडीवरचा काय समजेल? दार लावलं म्हणजे आत काहीतरी आहे."

"मग उघड. पण तोंड उघडू नकोस."

"नाही उघडणार. खुर्चीवर चढणारच नाही."

त्या दिवशी माणसं नेहमीसारखी थव्यानं आली नाहीत. दोन येत, दोन जात. दारातूनच पाहून घेत की आत किती आहेत. मुरंबा, पाण्याचा पेला, "खूप वर्षं जग रे" आणि लगेच उठून चालू. कुणी बसतच नव्हतं. संध्याकाळी थोडी गर्दी झाली, थोदोसिस आला, न्हावी आला, शेजारच्या दोघी आल्या. तेवढ्यात सारांतोस रिबीन बांधलेला केकचा खोका घेऊन खाली उतरला. त्यानं लुकियाच्या हाताचं चुंबन घेतलं आणि दाराजवळ बसला.

मुरंबा खाऊन त्यानं चमचा पेल्यात नीट ठेवला. "पांतेलिस महाशय," तो म्हणाला, "या घरात आजच्या दिवशी एक फर्मान निघतं म्हणे. मी नवा माणूस. मला ऐकायला मिळेल का?"

 लुकियानं हातातला ट्रे टेबलावर ठेवून दिला.

"आता वय झालं हो," पांतेलिस म्हणाला. "घसाही बसलाय."

"छे छे. माझ्या बायकोनं तुमचे सगळे सिनेमे पाहिले होते. फार हसायची. माझ्यासाठी नाही तर तिच्या आत्म्यासाठी."

मेलेल्या माणसाच्या नावानं मागितलेलं आमच्यात नाकारता येत नाही. पांतेलिस खुर्चीवर चढला. मी त्याच्याकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, घसर. लवकर घसर आणि खाली उतर. घसरलास की तो विनोद, मग कुणाच्या बापाला काही म्हणता येणार नाही.

त्यानं हनुवटी वर केली. "उपस्थित समस्त पाहुणेमंडळींस याद्वारे विदित व्हावे की, आजच्या मंगल दिनी प्रत्येकाने यथाशक्ती मिष्टान्नाचे सेवन करावे, पेयपात्रे रिक्त ठेवू नयेत, तद्वतच कोणीही विनाकारण खिन्न मुद्रा धारण करू नये. सदर आज्ञेचा भंग करणाऱ्यांवर उचित कारवाई करण्यात येईल." आवाज खणखणीत होता, बसलाबिसला नव्हता. मग घसरायची जागा आली. दरवर्षी इथेच त्याचा पाय खुर्चीवरून सटकायचा आणि तो बंदरावरची एक सणसणीत शिवी हासडायचा. मला त्याच्या डोळ्यांत दिसलं, तो त्या जागेपाशी आला. साहेबाला पाडलं तर हा माणूस काय समजेल, असं त्याच्या मनात आलं असणार. तो थांबला आणि जपून, एक एक पाय टाकत, खुर्चीवरून खाली उतरला.

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. खोलीत एक हुकूम सुटला होता आणि आम्ही सगळे हातात पेले घेऊन तो पाळत उभे होतो. थोदोसिससारख्या थोदोसिसची मान खाली गेली होती.

मग सारांतोस एकटा टाळ्या वाजवायला लागला. सावकाश, मनापासून.

"हुबेहूब," तो म्हणाला. "थट्टा आहे असं वाटलंच नाही. लोक म्हणतात हा माणूस टवाळी करतो. मी आता सांगू शकेन, मुळीच नाही. असा आवाज राष्ट्राच्या कामी यायला हवा."

त्या आठवड्यातच सकाळी दारात एक मोटार उभी राहिली. सारांतोस स्वतः आत आला, म्हणाला, शहरात एका साहेबांना भेटायचंय, घाबरायचं कारण नाही. लुकिया आत गेली आणि कापडात बांधलेलं गाठोडं घेऊन बाहेर आली. लोकरीचे मोजे, जाड बनियन, घोंगडी. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पण पकडलेल्यांना कैदेच्या बेटांवर नेतात तेव्हा हिवाळ्याचं लागतं, हे आमच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. सारांतोसनं गाठोड्याकडे पाहिलं आणि हसला. "अहो वहिनी, तुम्ही पण ना!" पण घेऊ नका असं काही तो म्हणाला नाही.

दुपारी पांतेलिस परत आला, गाठोडं तसंच हातात. लुकिया त्याच्या गळ्यात पडून रडली, मीही रडले. तो खुर्चीत बसला आणि समोरचं ताट त्यानं सरकवून दिलं.

"कॉफी दिली," तो म्हणाला. "गोड होती. खूप चांगले वागले. थिएटरात सिनेमाच्या आधी बातम्यांची फीत दाखवतात ना, त्यावर बोलायचंय. पूल बांधला, मंत्री आले, फीत कापली. कागद तेच देणार. मी फक्त वाचायचं."

"मग हो म्हणालास ना?" लुकिया म्हणाली.

"नाही म्हटलं तर विचारलं असतं, मग इतकी वर्षं हे बोलत होतास ते कुणाची टिंगल करायला?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आसिमिना, त्यांना वाटतं मी खरा आहे. मी घाबरलो गं, म्हणून घसरलो नाही. म्हणून त्यांना वाटलं."

"घरी आलास ना," लुकिया म्हणाली. "पुरे. मला बाकी काही नको."

तिला दोष देणार नाही मी. पण मला त्या माडीवरच्या माणसाचा गळा दाबावासा वाटत होता.

बातम्यांच्या फिती सुरू झाल्या. पांतेलिसनं त्या चांगल्या वाचल्या, वाईट वाचायची त्याला भीती वाटत होती. स्टुडिओतही काहीतरी बदललं. लेखकांनी प्रांतसाहेबांच्या भूमिका लिहिणं बंद केलं. कुणी मनाई केली नव्हती, पण अधिकाऱ्याला पाडायचं धाडस आता कुणाच्या बाचं? विनोद सगळा मोलकरणीवर आला. आता गावाकडच्या बोलीला हसायचं, खुशाल हसायचं, त्यात कुणाला धोका नव्हता. मला कामं वाढली, आणि प्रत्येक वेळी "आवं सायेब" म्हणताना माझ्या तोंडाला कडू चव यायची, कारण समोर साहेबच नसायचा.

सप्टेंबरात, उघड्यावरची थिएटरं बंद व्हायच्या आधी, आमचा एक सिनेमा लागला. त्या एप्रिलच्या आधी चित्रित केलेला, त्यातला प्रांतसाहेब पुरता घसरणारा. पांतेलिस स्वतः माझ्या घरी आला. "चल," म्हणाला. "एकदा लोकांत बसून बघू. हा शेवटचाच." तो नवा शर्ट घालून आला होता.

चमेलीचे वेल चढलेल्या भिंती, खाली खडी, लोखंडी खुर्च्या. अंधार पडायच्या आधीच निम्म्या जागा भरल्या होत्या. आम्ही मधल्या रांगेत बसलो. आधी बातम्या लागल्या. मंत्री आले, पूल बांधला. पांतेलिसचा आवाज पडद्यातून, स्पष्ट, पूर्ण शुद्ध. लोक हात मांडीवर ठेवून बसले होते. कुणी बी सोलत नव्हतं. आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईनं मागे वळून पाहिलं, त्याला ओळखलं, नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि दोघं आपापल्या खुर्च्या ओढत कडेला गेली. खडीवर खुर्च्या ओढल्याचा आवाज आणखी दोन-तीनदा आला.

मग आमचा सिनेमा सुरू झाला. मी दारातून आले, बोलीत बोलले, लोक हसले. तेच हसणं, माझ्या ओळखीचं. मग पांतेलिस पडद्यावर आला आणि म्हणाला, "महोदय." आणि सगळं शांत. नळ बंद करावा तसं. तो बोलत राहिला, मी त्याच्या अंगावर गरम कॉफी सांडली, तो किंचाळला, त्याच्या बापाच्या गोदीतली शिवी हासडली, आणि त्या अख्ख्या थिएटरात एक माणूस हसला नाही. मी हसले. मोठ्यानं हसले. माझं एकटीचं हसणं ऐकून मलाच भीती वाटली.

पांतेलिस पडद्याकडे बघत होता. त्याच्या हाताची बोटं माझ्या मनगटात रुतली होती, त्याला ते कळतही नव्हतं.

मध्यंतरात दिवे लागले. थोदोसिस टोपली घेऊन रांगांमधून येत होता. आमच्यापाशी आल्यावर तो थबकला. पांतेलिसचा चेहरा उजळला. "ए थोदोसिस," त्यानं हाक मारली, "ये ना रे हरामखोरा! भाजलेल्या दे दोन पुड्या. आणि काय रे, तू पण हसला नाहीस?"

थोदोसिसनं टोपी काढली. त्याला आयुष्यात कुणापुढे टोपी काढताना मी पाहिलं नव्हतं. त्यानं आमच्या मागच्या रांगेत कोण बसलंय ते एका नजरेत पाहून घेतलं, आणि मग हनुवटी खाली घालून, शाळेतल्या पोरानं पाठ केलेलं म्हणावं तसं, एक एक शब्द शोधत बोलायला लागला.

"आपणांस... आपणांस कोणता पदार्थ अर्पण करू, महोदय?"

"अरे मी आहे रे," पांतेलिस म्हणाला. "पांतेलिस. आपला पांतेलिस. शिवी तरी घाल ना मला."

"होय, महोदय," थोदोसिस म्हणाला.